हिरुलीचं पिठ्यां

काफळीधारहून सकाळच्या मोटारीनं निघालेल्या माणसाच्या कपाळाला हिरुलीच्या हातचं पिठ्यां लागलं नाही, असं कधी झालं नाही. तिचं घर अगदी शेवटच्या वळणावर. तिथे रस्ता संपतो आणि मोटार तोंड फिरवते. त्यामुळे हे काम तिला कोणी दिलं नव्हतं, ते आपसूक तिच्याकडे आलं. निघणारा माणूस गाठोडं टपावर चढवायचा आणि मग तिच्या अंगणात येऊन मान वाकवायचा. तांब्याच्या ताटलीत हळदीचं लालकेशरी पिठ्यां, बाजूला चार अक्षता. अंगठ्यानं कपाळावर खालून वर एक रेघ ओढायची, तिच्यावर तांदूळ टेकवायचे आणि म्हणायचं, "जा, आणि ये." नुसतं 'जा' तिनं कुणाला म्हटलं नाही.

पिठ्यां विकतचं तिला चालत नसे. थंडीत लिंबं पिकली की ती हळकुंडं फोडून लिंबाच्या रसात भिजवायची, त्यात टाकणखार घालायची, तांब्याच्या पातेल्यात रोज ढवळायची. हळद आतपर्यंत लाल झाली की सावलीत वाळवायची आणि मग कुटायची. उन्हात घातलं तर रंग उडतो. घाई केली तर कपाळाला टिकत नाही. पंधरवडा तर सहज मोडायचा. एकदा केलं की वर्षभर पुरायचं, कारण एका माणसाला लागतं ते किती.

पूर्वी मात्र वर्षातून दोनदा करावं लागे.

गाव केवढं, हे तिकडे धुरावर सांगतात. हिरुली लग्न होऊन आली तेव्हा संध्याकाळी काफळीधारवर धुराची गोधडी पसरलेली असायची. कुठला धूर कुणाचा हे कळायचंच नाही. तेव्हा रस्ता नव्हता. मीठ-गूळ आणायचं तर खालच्या बाजारापर्यंत उतरा आणि पाठीवर घेऊन चढा. मग गावानं रस्ता मागितला, अर्ज केले, हेलपाटे घातले, आणि शेवटी वरच्या टप्प्याचं काम स्वतःच अंगावर घेतलं. हिरुली पाठीला लहानगा मुलगा हयात बांधून दगड उचलायची. नवरा बिशनसिंग सुरुंगाची भोकं पाडायचा. संध्याकाळी सगळे तिच्या अंगणात बसून गूळ चाखत चहा प्यायचे आणि मोटार आली की काय काय येईल याच्या गप्पा मारायचे. डॉक्टर येईल. मास्तर रोज येईल. पाहुणे येतील. अंगणातल्या अक्रोडाखाली पाहुण्यांसाठी दगडी ओटा आधीच बांधून झाला होता.

रस्ता पुरा व्हायला वर्षांमागून वर्षं गेली, हयातला मिसरूड फुटलं, तेव्हा कुठे मोटार आली. पहिल्या दिवशी तिला हार घातले, ढोल वाजवला. आणि थोड्याच दिवसांत तिच्यात बसून पहिलं पोरगं फरीदाबादला गेलं. तो हयातच होता. हिरुलीनं ताटली पहिल्यांदा बाहेर आणली ती त्या दिवशी.

त्यानंतर एकेक करत सगळ्यांचीच पोरं तिच्या अंगणातून गेली. मग सुना गेल्या, मग नातवंडं, मग म्हातारेही गेले, कोणी दवाखान्यासाठी, कोणी नातवंडं सांभाळायला. बिशनसिंग तेवढा इथेच गेला, त्याला मोटार लागली नाही. दारांना कुलपं लागली. संध्याकाळी धूर मोकळे मोकळे उठू लागले आणि अंगणातून बोट दाखवून सांगता येऊ लागलं, हा गोपुलीचा, तो फौजीचा, तो पलीकडचा पुजाऱ्याचा.

मोटार रात्री गावातच मुक्कामाला असे. चालक कुंदन हिरुलीकडेच जेवायचा. तो संध्याकाळी वळणावर थांबून इंजिन बंद करायचा, आणि हिरुली दारातच उभी असायची.

"बसवलंस का त्याला पुढच्या गाडीत?"

"बसवलं आमा."

"खिडकी मिळाली?"

"मिळाली."

"रडला?"

"भजी खाल्ली त्यानं. दोन प्लेट."

मग तिच्या जिवात जीव यायचा. दुसऱ्याचं पोर का असेना, ते खालच्या मोठ्या गाडीत बसल्याचं कळल्याशिवाय तिला भाकरी गोड लागत नसे. हयात फोनवर आईला हसायचा. "इजा, आता सगळ्यांकडे फोन आहेत. ते सांगतील त्यांच्या त्यांच्या आईला." ती म्हणायची, "त्यांच्या आईला सांगतील. मला कोण सांगणार?"

मोटारीतून माणसं गेली, तसं एक माणूस दरवर्षी आलंही. तिचा थोरला भाऊ धनसिंह. चैत लागला, रानात बुरांश फुलून लाल झाला, दुपारी होले घुमू लागले की सासरी नांदणाऱ्या बाईचे कान वाटेकडे लागतात. भाऊ भिटौली घेऊन येतो. टोपलीत पुऱ्या, गुळाचे पुए, एखादी साडी, वर फडकं बांधलेलं. बहीण कितीही म्हातारी झाली, माहेरी आईबाप उरले नाहीत, तरी भिटौली येते. पहिली कितीतरी वर्षं धनसिंह बांज झाडांच्या रानातून, कड्यावरची वाट धरून पायी आला. टोपली डोक्यावर आणि तोंडात शीळ. ती शीळ ऐकून हिरुली चुलीवरचं टाकून पळायची. नंतर मोटार झाली आणि तो मोटारीनं येऊ लागला. आता तर गुडघ्यांनी दगा दिला होता, बायको गेली होती, मुलं रुद्रपुरात होती. कुंदन त्याला हाताला धरून उतरवायचा आणि टोपली स्वतः अंगणात आणून ठेवायचा. उरलेल्या वर्षात दोघं भेटत नसत. बहिणीनं उठून भावाकडे जायची रीत नाही, आणि चैत सोडून जायला निमित्तही नाही.

म्हणून फाल्गुनात जेवता जेवता कुंदन जे बोलला, ते ऐकून तिचा हात तव्यावर तसाच राहिला.

"आमा, बैसाखापासून मोटार खालच्या बाजारापर्यंतच. मालक लोकांचं ठरलंय. वर चार टाळक्यांसाठी डिझेल कोण जाळणार?"

"मग दाज्यू कसा येईल?"

"कोण?"

"धनसिंह दाज्यू. तो चढ त्याला होणार आहे का?"

कुंदननं भाकरीचा तुकडा डाळीत बुडवून ठेवला आणि खाल्ला नाही. "पक्कं नाहीये अजून. चैतात मालकांचा मुन्शी येणार आहे बघायला. संध्याकाळच्या फेरीला वर येईल, उतारू किती ते पाहील. मोटार भरलेली दिसली तर बोलता येईल."

झालं. दुसऱ्या दिवशी हे फौजीच्या कानावर गेलं. खडकसिंग पलटणीतून सुटून जमाना झाला होता, तरी त्याच्या हाती काही ठरवायचं आलं की तो मिशा आधी नीट करायचा. त्यानं सगळ्यांना अक्रोडाखाली बोलावलं.

"मुन्शी यायच्या दिवशी सकाळच्या मोटारीनं सगळ्यांनी खाली जायचं. संध्याकाळी त्याच्याबरोबरच वर यायचं. मोटारीत पाय ठेवायला जागा दिसता कामा नये."

"आणि दिवसभर बाजारात करायचं काय?" गोपुलीनं विचारलं. ती हिरुलीची शेजारीण. तिचं तोंड बंद असलं तर बरं नाही समजायचं.

"जिलबी खा."

"तुम्ही घालणार असाल तर रोज जाईन."

मुन्शी यायच्या दिवशी पहाटेपासून कुलपांचे आवाज येऊ लागले. उरलंसुरलं सगळं गाव निघालं. पुजाऱ्याला सांधेदुखी होती, त्याला खुर्चीसकट आणलं. शेळ्या गोठ्यात कोंडल्या, पुरेल एवढा पाला टाकला. हिरुली ताटली घेऊन उभी होतीच.

"अगं बाई, संध्याकाळी परत येणार आहोत आपण," गोपुली म्हणाली. "फरीदाबादला नाही चाललो."

"मोटारीत चढणार ना? मग वाक."

"हिची आपली रीत."

"वाक म्हटलं ना. तोंड बंद ठेव, तांदूळ आत जातील."

एकेक कपाळ पुढे आलं. फौजीनं टोपी काढली. पुजारी दुसऱ्यांना लावणारा, त्यानंही मुकाट्यानं मान पुढे केली. इतकी कपाळं एका सकाळी तिनं कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. तिला वाटलं, जुने दिवस आलेत, आणि ही सगळी परत येणारी माणसं आहेत. यंदा पिठ्यां थोडंच केलं होतं, तरी डब्यातलं सगळं ताटलीत ओतून ती हात सढळ ठेवून लावत गेली. शेवटी तिची स्वतःची पाळी आली तेव्हा गोपुलीनं ताटलीचा तळ बोटानं पुसून तिच्या कपाळाला लावला. घराला कुलूप घालून किल्ली तिनं नेहमीच्या जागी, अक्रोडाच्या ढोलीत ठेवली.

बाजारात दिवस सरता सरेना. घेण्यासारखं काही नव्हतं. सगळे चहाच्या टपरीपाशी बसून राहिले, जिलब्या खाल्ल्या, परत चहा घेतला. संध्याकाळी कुंदननं मोटार लावली आणि मुन्शी आला. लोहनी त्याचं आडनाव. किडकिडीत, गळ्याशी मफलर, बोलायला मवाळ. तो पुढच्या दारातून चढला आणि एका खांबाला धरून उभा राहिला, कारण बसायला जागाच नव्हती. फौजीनं मागे वळून हिरुलीकडे बघून एक डोळा मिटला.

मुन्शीनं पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत नजर फिरवली. मग परत पहिल्या बाकाकडे आला.

"वरात कुणाची?"

"वरात कसली साहेब," फौजी म्हणाला, "रोजचीच माणसं आहेत."

"रोज पिठ्यां लावून बाजारात येता? सगळेच्या सगळे?"

जो तो दुसऱ्याच्या कपाळाकडे पाहू लागला. सगळ्यांच्या कपाळावर तीच रेघ, तोच अंगठा, तेच तांदूळ. घाम येऊनही टिकलेलं, कारण घाई न करता केलेलं.

"नवरी कुठाय?" मुन्शीनं विचारलं.

"मीच नवरी," गोपुली म्हणाली. "नवरा मागं बसलाय. दात घरी विसरलाय म्हणून बोलत नाही."

मोटारीत हसू फुटलं. मुन्शीही हसला. पण हसणं संपल्यावर तो हळूच म्हणाला, "वरात रोजच्या उतारूंत धरता येत नाही हो. आणि कुणाच्या हातात एक पिशवीसुद्धा नाही. बाजारातून मिठाची पुडी तरी आणायची."

फौजीनं टोपी खाली ओढली. हिरुली खिडकीशी बसली होती. आपल्या हातानंच आपण हे केलं, हे तिला कळलं, आणि तरीही एखाद्याला तसंच मोटारीत चढू दिलं असतं असं काही तिच्या मनाला मानवेना. तिच्या डोळ्यांपुढे एकच होतं, धनसिंह दाज्यूचा गुडघा आणि खालच्या बाजारातून वर येणारा तो चढ.

बांजांचं रान संपतं तिथे एका वळणावरून काफळीधार पहिल्यांदा दिसतं. मोटार तिथे आली आणि मुन्शीनं खांबावरचा हात सोडून बोट दाखवलं.

"सगळं गाव इथे बसलंय म्हणता ना? मग तिथे धूर कुणाचा?"

सगळे एका बाजूला सरकले, मोटार कलली. खरंच, स्लेटच्या छपरांतून एकच धूर निघत होता, सरळ, बारीक. "आग लागली," कोणीतरी म्हणालं. "चोर," दुसरा म्हणाला. "चोर कशाला चूल पेटवेल?" गोपुली म्हणाली. "आणि चोरायला आहे काय, तुझी शेळी?"

धूर हिरुलीच्या घराचा होता. अक्रोडातली किल्ली गावाबाहेर एकाच माणसाला ठाऊक होती.

मोटार थांबायच्या आत ती गाडीच्या दारात येऊन उभी राहिली. धनसिंह तिच्याच उंबऱ्यात बसला होता. पायताण काढून ठेवलेलं, टाचा सोलून निघालेल्या, हातात काठी. आत चूल धडधडत होती. टोपली तशीच, फडकं बांधलेली.

"दाज्यू, तू कसा आलास?"

"वरच्या वाटेनं. पूर्वी यायचो तसा." त्यानं काठी बाजूला ठेवली. "परवा गावात जीपवाला म्हणाला, काफळीधारची मोटार बंद. मला वाटलं, झालीच बंद. म्हटलं, पाय चालतायत तोवर एकदा जाऊन यावं. काल निघालो, रात्री वाटेत गुराख्यांकडे टेकलो."

"आणि मोटारीची चौकशी करायची नाही?"

"इथे येऊन बघतो तर सगळ्या दारांना कुलपं. दारोदार हाका मारल्या मी, हिरुली. शेळ्या तेवढ्या ओरडल्या. मला वाटलं, मोटारीबरोबर गावही गेलं." त्यानं मान खाली घातली. "भिटौली परत न्यायची नसते. म्हटलं, चूल तरी पेटवू. कोणी आलंच तर दिसेल."

हिरुली त्याच्या शेजारी बसली आणि पदरानं त्याच्या टाचा पुसू लागली. तो "राहू दे, राहू दे" म्हणत होता. ती ऐकत नव्हती.

टोपली अंगणात उघडली. भिटौली साऱ्या गावात वाटायची असते, आणि त्या संध्याकाळी सारं गाव अंगणातच होतं. पुए थोडे दबले होते. मुन्शीलाही दिला. त्यानं ओट्यावर बसून तो खाल्ला, दुसरा मागून घेतला, आणि उठता उठता म्हणाला, "आमा, मी खोटं सांगू शकत नाही. मी बरं बोललो तरी मालक डिझेलच धरतील. बैसाखापासून मोटार खालीच थांबेल."

त्याच्यावर कोणी रागावलं नाही. फौजीनं त्याला झोपायला स्वतःची रजई दिली.

सकाळी कुंदननं इंजिन सुरू केलं. मुन्शी पुढे बसला. धनसिंह काठी टेकत अंगणात आला. रिकामी टोपली त्याच्या हातात होती. पुढच्या चैताबद्दल रात्रभर दोघांपैकी कोणी काही बोललं नव्हतं. त्यानं नेहमीसारखी मान वाकवली.

हिरुली ताटली घेऊन उभी होती. ताटली रिकामी होती.

"लाव ना."

"संपलं."

"काय संपलं?"

"पिठ्यां. काल अख्ख्या गावाला लावलं. तळ पुसून माझ्या कपाळाला लागला."

"मग राहू दे एक दिवस तसंच."

"माझ्या अंगणातून तसं कोणी गेलंय?"

कुंदननं भोंगा वाजवला. मग तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा वाजवला नाही.

"गोपुलीकडे असेल थोडं," धनसिंह म्हणाला.

गोपुली कुंपणापलीकडे उभी होती. तिच्या घरात पिठ्यांचा डबा भरलेला आहे हे हिरुलीला माहीत होतं. "माझं कुठलं," गोपुली म्हणाली. "मी आळशी बाई. मी कधी करते?"

"किती दिवस लागतील करायला?"

"हळद भिजली पाहिजे," हिरुली म्हणाली, "आतपर्यंत लाल व्हायला पाहिजे. सावलीत वाळायला हवी. घाईनं काही होत नाही. तोवर टाचा भरतील."

"बहिणीच्या घरी इतके दिवस? लोक काय म्हणतील?"

"लोक आहेत कुठे? ही गोपुली आहे. ती म्हणेल."

"म्हणणारच," गोपुली म्हणाली. "या वर्षी भिटौलीत भाऊच आलाय, साडी विसरून."

मोटार वळली आणि मुन्शीला घेऊन गेली. धनसिंह टोपली हातात धरून बराच वेळ उभा होता. मग त्यानं ती आतल्या खुंटीला अडकवली.

हळद त्याच दिवशी भिजत पडली. हिरुली ती ढवळायला कधी विसरायची, कधी आठवायची. वाळत घातली तर मधेच ढग यायचे. धनसिंहानं तोवर गोठ्याचा ढासळलेला कोपरा उभा केला, बिशनसिंगची कुदळ शोधून तिला दांडा घातला, पुजाऱ्याबरोबर विड्या ओढल्या. पिठ्यां कुटून तयार झालं तेव्हा बैसाख लागला होता आणि वळणावर मोटार येत नव्हती. कुंदन खालच्या बाजारातच मुक्काम करू लागला.

फोनवर हयात विचारायचा, "मामा अजून तिथेच?"

"हो."

"इजा, तुम्ही दोघंही इकडे का येत नाही?"

"कशानं येऊ? मोटार कुठाय?" ती म्हणायची. मग विचारायची, "तू जेवलास का?"

काफळीधारचे धूर काही वाढले नाहीत, बहीणभावाची चूल एकच. पण माणूस एक वाढला. किती वर्षांत तिथे असं झालं नव्हतं.

पुढल्या चैतात, होले घुमायला लागल्यावर एका सकाळी धनसिंह लवकर उठला. पुए त्यानंच तळले होते, एका बाजूनं जरा करपलेले. टोपलीला फडकं बांधून तो मागच्या दारानं बाहेर पडला. गोठ्याला वळसा घालून, काठी टेकत, जिथे मोटार तोंड फिरवायची त्या वळणावर जाऊन उभा राहिला. तिथे आता गवत उगवलं होतं. हिरुलीनं पुढचं दार आतून लावून घेतलं आणि चुलीपाशी जाऊन बसली.

थोड्या वेळानं शीळ ऐकू आली. दात नसल्यामुळे निम्मी हवाच होती ती. तिनं चुलीवरचं तसंच टाकलं.

"हिरुली, आहेस का गं घरात?"

तिनं दार उघडलं. "ये दाज्यू. वाट बरी होती ना?"

"वाट चांगली आहे," तो म्हणाला आणि टोपली उंबऱ्यावर ठेवली. "चढ तेवढा जरा जास्त झाला."

कुंपणापलीकडून गोपुली ओरडली, "पाहुणे किती दिवस राहणार?"

कोनाड्यात ताटली होती, पिठ्यांनी काठोकाठ भरलेली. हिरुलीनं तिच्यावर झाकण ठेवलं आणि टोपलीचं फडकं सोडायला बसली.